दातांचा डॉक्टर विचारलास म्हणून

प्रिय तियाना,

तुझा निरोप मिळाला. दोनच ओळी. "आई, दुन्यासाठी दातांचा चांगला डॉक्टर कोण आहे? तुम्हाला त्रास देतेय, क्षमा करा." क्षमा कसली मागतेस गं? नीशला परत येऊन तुला अडीच-तीन महिने होत आले, नदीच्या पलीकडे राहतेस, आणि एवढ्या दिवसांत ही तुझी पहिली हाक. फोनवर अंगठ्यानं टाइप करणं मला साधत नाही, म्हणून पत्र लिहितेय. तू एक डॉक्टर विचारलास, मी अख्खं शहर सांगणार आहे. तू गेल्यापासून इथलं बरंच काही इकडचं तिकडे झालंय, आणि जुन्या आठवणीवर गेलीस तर फसशील.

तर डॉक्टर विओलेता. किल्ल्याजवळच्या बाजारामागे, औषधाच्या दुकानाच्या वर. तिचा हात हलका आहे. "दुखणार नाही" असं खोटं ती कधीच सांगत नाही. "थोडं दुखेल बाळा, ओरडायचं तर खुशाल ओरड," म्हणते, आणि मग मुलं ओरडतच नाहीत. आधी तिथे तिचे वडील बसायचे. माझ्या ओग्न्येननं लहानपणी त्यांचं बोट असं चावलं होतं की ते मरेपर्यंत मला रस्त्यात बोट दाखवायचे. आडनाव सांगितलंस की विओलेता लगेच ओळखेल. दुन्याचं आडनाव अजून तेच, तिच्या बापाचंच आहे, असं मी धरून चालते.

बुरेक मात्र जुन्या ठिकाणी घेऊ नकोस. म्हातारा गेला, आणि मुलानं सगळं तेलात बुडवलं. आता बस स्टँडजवळ स्लोबोदांकाची बेकरी आहे, तिथे जा. थरांत चीज भरलेला घे, आणि सकाळी लवकर, नाहीतर कडेचे वाळके तुकडे उरतात. तुझ्या आन्द्रेयला वाट ठाऊकच आहे म्हणा. त्यानं तिथे काटा-सुरी मागितली आणि ताकासारखं पातळ दही सोडून बुरेकबरोबर कॉफी घेतली, ही बातमी त्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात पोचली होती. स्लोबोदांका म्हणाली, "देसांका, तुझा स्लोव्हेन जावई आला होता हो!" मी म्हटलं, "जावई कुठला, सुनेचा नवरा." मेलेल्या मुलाच्या बायकोचा नवरा, ह्या नात्याला आपल्या भाषेत शब्दच नाही. मामाच्या बायकोला आहे, साडूला आहे, लग्नातल्या साक्षीदाराला आहे. ह्याला नाही. मी बरेच दिवस शोधला.

नळाचं काम निघालं तर प्रेद्रागला बोलाव. "उद्या येतो" म्हणाला की आठवड्यानं येईल, पण केलेलं काम पुन्हा करावं लागत नाही. आल्या आल्या कॉफी दे, नंतर दिलीस तर पाना खाली ठेवून बसेल आणि मग उठायचा नाही. केस कापायला गोर्दाना अजून आहे, रंग मात्र तिच्याकडून लावून घेऊ नकोस, माझ्याकडे बघशील तर कळेलच का ते. दुन्याला गाण्याची आवड असेल तर शाळेमागच्या सभागृहात शनिवारी मुलांचं समूहगान असतं. शिकवणारी बाई कडक आहे, पण मुलं तिच्या गळ्यात पडतात. तुझ्यासाठी म्हणशील, तर आमच्या इमारतीतल्या बायका गुरुवारी कॉफीला जमतात. सगळ्या माझ्या वयाच्या, सांधे आणि सुना ह्यांच्यापलीकडे विषय नाही. पण तू गेलीस तेव्हा त्या रडल्या होत्या. आणि आन्द्रेयला सांग, समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या एकदम उघड्या टाकू नकोस म्हणावं. त्याच्या ल्युब्लियानात चालत असेल, इथे आरपार वारा कानात शिरतो म्हणतात, शेजारीण दुन्याच्या कानाच्या काळजीनं आजारी पडेल.

तुझ्या लग्नाची बातमी आली तेव्हा मी रडले, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. रागानं नाही रडले. आता तू मला आई म्हणायचं सोडशील, ह्या भीतीनं रडले. तुझ्या त्या दोन ओळींत पहिलाच शब्द "आई" होता. तेवढ्यावर मी दिवसभर घरात गुणगुणत होते.

आता खरं सांगते. परवा झिवोयिन न्हाव्याकडे आन्द्रेय दाढी करायला बसला होता. संत निकोलाचा दिवस जवळ आलाय, दुकानात तोच विषय. आन्द्रेय म्हणाला, "देसांकाबाईंकडे स्लावा असते ना? आम्हाला काही बोलावणं नाही आलं. तियाना म्हणते, तिथे आता आपलं कोण आहे?" झिवोयिन हसला, पण मला सांगताना हसत नव्हता. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, स्लावाला, घराच्या संताच्या दिवशी, कुणालाच बोलावत नसतात. दार दिवसभर उघडं असतं, ज्याला आठवण आहे तो येतो, चमचाभर गोड गहू खातो, बसतो. माझ्या सासऱ्यांनी कधी कुणाला बोलावलं नाही, ओग्न्येनच्या वडिलांनी नाही, मीही नाही. त्याला हे माहीत नाही. पण तुला माहीत आहे, तियाना. तरी तू तसं म्हणालीस. त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. स्लावाचा पाव घरच्या दोघांनी दोन बाजूंनी धरून फिरवायचा, पण ओग्न्येन गेल्यापासून माझ्यासमोर त्याच्या जागी शेजारचे रादोवान उभे राहतात. देवमाणूस, पण त्यांना माझ्या डोळ्यांत बघवत नाही.

म्हणून हे पत्र. दातांच्या डॉक्टरचं नाव एका ओळीत मावलं असतं. ह्या घराची रीत मी आज पहिल्यांदा मोडतेय, आणि तीही लेखी. हे आन्द्रेयला वाचून दाखव: आन्द्रेय, एकोणीस तारखेला माझ्या घरी स्लावाला ये. मी तुला बोलावतेय. तियाना, तुला आणि दुन्याला मात्र मी बोलावणार नाही. घरच्यांना कुणी आमंत्रण देतं का? तू आदल्या दिवशी दुपारीच ये, अक्रोड फोडायचेत, मासा साफ करायचाय, माझ्या एकटीनं उरकत नाही. आणि रादोवानना मी सांगून टाकलंय की यंदा त्यांनी पाहुण्यांत बसावं. पावाची दुसरी बाजू दुन्या धरेल.

तुझीच,
आई