शब्दसमूहाबद्दल एक शब्द

पप्पा,

आधी क्षमा मागते. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी उलट उत्तर दिले नाही, आणि तुम्ही जाऊन नऊ वर्षे झाल्यावर कागद पुढे ओढला आहे तो तक्रार करण्यासाठी. ज्यांना आता उत्तर देता येत नाही, त्यांना मुलीने जाब विचारावा हे मला शोभत नाही, याची जाणीव आहे. तरीही लिहिते, कारण दुसरे कोणी मला हे समजावून सांगू शकणार नाही.

काकांनी आपल्या घराण्याची वंशावळ छापायला घेतली आहे. नाताळात सगळे भाऊबंद जमतील तेव्हा घरटी एक पुस्तिका द्यायची, असे ठरले आहे. मजकूर सगळा तुमच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीतला. प्रुफे तपासायला माझ्याकडे आली, कारण काकांच्या मते घरात शाळेचे मराठी फक्त मलाच येते. अकराव्या पानावर तुम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी आहात. काकांच्या नावाखाली तीन रेघा आणि तीन मुलगे. तुमच्या नावाखाली रेघ नाही, एकच शब्द आहे : निर्वंश. मी तो आधी ऱ्हस्व-दीर्घासाठी तपासला. रफार जागेवर होता, अनुस्वार जागेवर होता. मग मी तो वाचला.

तुम्हाला तो उन्हाळा आठवतो का, ज्या उन्हाळ्यात आपण रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाल्यावर ओटीवर बसून बायबलमधला जुना करार वाचत होतो? तुमच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत आणि तुम्ही सातवी पास माणसाच्या सावधपणाने एकेक नाव उच्चारता. अमक्याचा मुलगा अमका, त्याचा मुलगा तमका. मी कंटाळून चार नावे गाळते आणि थेट पुढच्या गोष्टीवर जाते. तुम्ही पुस्तक मिटता. "नावं गाळायची नाहीत. ज्याचं नाव गाळलं तो दुसऱ्यांदा मेला," असे तुम्ही म्हणता आणि मला चारही नावे पुन्हा वाचायला लावता. त्याच आठवड्यात त्या पाच बहिणींची गोष्ट आली होती. बाप मेलेला, भाऊ नाही, आणि त्या पाच जणी सगळ्या समाजापुढे उभ्या राहून विचारतात की मुलगा नाही एवढ्यावरून आमच्या बापाचे नाव कुळातून का पुसायचे. देवाने त्यांचे म्हणणे मान्य केले, तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणाला होतात, "बघ, कशा बोलल्या पोरी!" मला वाटले होते, ते तुम्ही माझ्याकरिता म्हणालात.

मंगळवारी मी धीर करून काकांकडे गेले. शब्दावर बोट ठेवले. काका हसले. "गो पोरी, तुला ऱ्हस्व-दीर्घ बघायला दिलं, माणसं बघायला नाही." मी म्हटले, "पण काका, मी आहे ना." ते म्हणाले, "तू आहेसच की! पण तू उद्या लग्न करून दुसऱ्याच्या झाडावर जाशील. आणि हे मी लिहिलेलं नाही, दादाच्या हातचं आहे. दादाच्या अक्षरावर मी काट मारू?" मग मी शाळेत उत्तर पाठ करावे तशी तयारी केली. जुन्या करारातल्याच 'इतिहास' नावाच्या पहिल्या पुस्तकात एक माणूस सापडला, ज्याला मुलगे नव्हते, फक्त मुली होत्या. त्याने मुलगी आपल्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, चाकराला दिली आणि तिथून पुढे तेरा पिढ्यांची नावे दिली आहेत. मी ती बोटांवर मोजली. बुधवारी काकांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "ते यहुद्यांचं. आपण आगाशीचे."

मम्मीचाही आधार मिळाला नाही. ती भाजी निवडत होती. "मी तर त्या झाडात कुठेच नाही," ती म्हणाली. "मी फक्त पाणी घातलं. तू कशाला एवढी तापतेस?"

तापले होते ती तुमच्यावर. काकांकडून माझी अपेक्षा नव्हती. आपली केळीची वाडी आता ते कसतात, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. पण जो माणूस चार परक्या नावांसाठी मला रागावला, त्याने स्वतःच्या मुलीला कसे गाळले? काल दुपारी मूळ वही काढली, तुमचेच अक्षर आहे का ते पाहण्यासाठी. होते. पण पानावर पेन्सिलीने आखलेल्या रेघा होत्या, आणि त्या माझ्या होत्या. मग सगळे आठवले. मी सहावीत आहे, समोर व्याकरणाचे पुस्तक आहे, आणि तुम्ही वहीवरून मान वर करून विचारता, "ज्याच्या मागं वंश चालवायला कोणी नाही, त्याला एका शब्दात काय म्हणतात?" शब्दसमूहाबद्दल एक शब्द. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. मी डोळ्याची पापणी लवायच्या आत सांगते, "निर्वंश!" आणि रफार कुठे द्यायचा तेही सांगते. तुम्ही म्हणता, "हुशार गो माझी पोर," आणि लिहिता. कोणाच्या नावाखाली, हे मी वाकून पाहिले नाही. मला शाबासकी मिळाली होती.

तुम्ही कोणाला विचारत होता, पप्पा? समोर बसलेल्या मुलीलाच विचारताना एकदाही हात अडखळला नाही? की तुम्हालाही तो फक्त एक शब्द वाटला, जसा मला वाटला होता? यावर मी रात्रभर चिडले, आधी तुमच्यावर, मग व्याकरणाचे पुस्तक पुढे घेऊन बसलेल्या, पहिला नंबर काढणाऱ्या त्या सहावीतल्या मुलीवर.

शब्द मी पुरवला होता, म्हणून मीच तो परत घेतला. प्रुफावर त्याला काट मारली, तुमच्या नावाखाली रेघ ओढली. आधी "एक मुलगी" असे लिहिले. मग तेही खोडून माझे पूर्ण नाव लिहिले, आणि त्याच्या बाजूला मम्मीचे. काकांना दाखवले नाही. प्रुफे थेट वसईच्या छापखान्याला पाठवली. पुस्तिका छापून आल्यावर ते विचारतील, तेव्हा मी सांगेन की पप्पांचे नाव राहावे म्हणून केले. त्या पाच बहिणींनीही हेच कारण दिले होते, आणि ते ऐकून घेतले गेले होते.

ते खरे नाही. मी ते माझे नाव यावे म्हणून केले. हे पत्र वहीत राहील. प्रुफे आगाशीच्या टपालात टाकली, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २००३, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी.