एकशे चौदाव्या पानावरचं शून्य

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. जेवण वेळेवर होतं, त्यामुळे त्यावर पानभर उपदेश नको.

छापखान्यात सध्या तुमच्याच जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीचा वार्षिक अहवाल चालू आहे. त्यातला मृत्यूच्या कारणांचा भाग प्रूफ तपासायला माझ्याकडे आला. आकडे म्हटले की सगळे माझ्याकडेच ढकलतात.

एकशे चौदाव्या पानावर हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गाचा तक्ता आहे. देशभरात वर्षाला लाखात सात जणांना होतो, आणि झालेल्या शंभरांतले बावीस जातात. इतका क्वचित होणारा आणि इतका वाईट आजार. तुझ्या वहिनीला याच आजाराने जाऊन आता वर्ष झालं, पण हे आकडे मी प्रथमच वाचले. त्याखाली शहरवार मृत्यू दिले आहेत. आपल्या शहरापुढे शून्य आहे.

मूळ प्रतीतही शून्यच आहे, म्हणजे अक्षरजुळणीची चूक नाही. नियमाने मला ते बदलता येत नाही. समासात शंका काढून पान परत पाठवलं आहे. जरा बघशील का?

तब्येतीला जप.
तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शंका फिरत फिरत माझ्याच टेबलावर आली. साहेबांनी विचारलं, छापखान्यातला हा कोण आम्हाला मोजायला शिकवणारा? माझा थोरला भाऊ, असं सांगितल्यावर कारण विचारलं, आणि ते ऐकल्यावर स्वतःच म्हणाले, दाखला काढून बघ.

वहिनीचा मृत्यूचा दाखला काढून पाहिला. त्यावर फक्त ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं आहे. दाखल्यावर असेल तेच आम्ही मोजतो. साहेब म्हणतात, हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. लोक तेवढंच लिहून मोकळे होतात, त्यामुळे या आजाराचा खरा आकडा छापतो त्याहून मोठाच असणार.

दादा, रागावू नकोस, पण तसं लिहायला तूच सांगितलंस. डॉक्टरीणबाई झडपेचं सविस्तर लिहायला बसल्या होत्या. तू म्हणालास, बाई, थोडक्यात आटपा, मला हिला घरी न्यायचंय. जन्मभर दुसऱ्यांच्या लिखाणातलं जास्तीचं छाटत आलास, तिथेही छाटलंस. मी शेजारीच उभी होते. मीही काही बोलले नाही.

दुरुस्ती होऊ शकते. बाईंनी रक्ततपासणीचा कागद जोडून नव्याने सही करायला हवी, आणि ते माझ्याकडे पंचवीस तारखेच्या आत यायला हवं. नंतर अहवाल छापला की शून्य कायमचं. कुणाकडे काही मागायला जाणं तुझ्या जिवावर येतं, ठाऊक आहे. तरी जा.

तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो राहू दे.
तुझी,
ठमी

१९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

गेलो होतो. बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन तास बसलो. दोनदा उठून जिन्यापर्यंत आलो, तेही सांगून टाकतो. आत गेल्यावर त्या पानाची माझ्याकडची प्रत पुढे केली आणि शून्यावर बोट ठेवलं.

बाईंना सगळं आठवत होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही घाई केलीत हे खरं, पण मी तुमचं ऐकायला नको होतं. मग फाईल मागवून त्यांनी सहा ओळी लिहिल्या. मी एकही शब्द कमी करायला सांगितला नाही.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. झडपेचं जुनं दुखणं असलेल्या कुणाचा ताप रेंगाळला, तर तुझी वहिनी गेल्यापासून त्या औषध सुरू करण्याआधी रक्त तपासायला पाठवतात. वर्षात अशा दोघी वेळेत सापडल्या आणि बऱ्या होऊन घरी गेल्या. येताना मी चालतच आलो. बरं वाटलं.

बाईंच्या सहीचा आणि रक्ततपासणीचा, दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. पोच कळव.
तुझा,
दादा

२ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

सुधारलेलं पान आज आलं. आपल्या शहरापुढे आता एक आहे. एका आकड्यापायी तुला दोन्ही तक्ते पुन्हा करावे लागले असतील, आणि साहेबांची बोलणी खावी लागली असतील ती वेगळीच. तू लिहिलं नाहीस, तरी कळतं.

माझ्या सवयीने सगळं जुळवून पाहिलं. देशाचा आकडा लाखात सातच. हृदयक्रिया बंद पडण्याच्या रकान्यात एक कमी, झडपांच्या रकान्यात एक जास्त. सगळ्यांत खालची गेलेल्यांची बेरीज मात्र होती तेवढीच राहिली. ती मी तीन वेळा करून पाहिली. बरोबर आहे.

खाली सही करून पान छपाईला दिलं.

आहे तसाच जीव लावत राहा.
तुझा,
दादा