मुकीचा कोट

४ ऑक्टोबर

आज दोन शहाणे आले. वयाने वाढलेले, अकलेचं सांगता येत नाही. एक समोरच्या इमारतीतली दातांची डॉक्टरीण. माझी दाढ हिनेच उपटली होती. दुसरा बँकेत काउंटरवर बसतो. एक कोट शिवून हवाय म्हणे. करडा, गुडघ्यापर्यंत, गळ्यापासून खालपर्यंत बटणं. कुणासाठी? तर खेळातल्या बाईसाठी! टीव्हीला जोडून खेळतात ना तो मारामारीचा खेळ, त्यातली एक बाई. बोलत नाही, म्हणून हे लोक तिला मुकी म्हणतात. डॉक्टरीण तो कोट घालून कसल्याशा मेळाव्याला जाणार. तिथे सगळे असेच येतात, आपापल्या आवडत्या पैलवानाचं सोंग घेऊन.

मापं घेत होते, तर दोघांचं जुंपलं. मुकी आणि लोहार यांचं नातं काय? लोहार हा त्यातलाच दुसरा पैलवान. लढाईआधी तो मुकीला म्हणतो, 'आलीस परत?' बस, एवढंच. त्या दोन शब्दांवरून ही दोघं भांडली. बँकवाला म्हणे नवरा. डॉक्टरीण म्हणे बाप. माझ्या तोंडात टाचण्या, बोलता येईना. शेवटी टाचण्या काढल्या आणि म्हटलं, बाप असता तर आधी जेवलीस का म्हणून विचारलं असतं.

दोघं माझ्याकडे वळली. मग बँकवाला म्हणाला, "काकू, हे कुणालाच सुचलं नव्हतं."

यात सुचायचं काय, डोंबल.

५ ऑक्टोबर

मनासारखं करडं कापड मिळालं नाही. पांढरं आणून रंगवायला दिलं. दोरा पण त्याच रंगात बुडवून घेणार, नाहीतर टाके दिसतील.

आईने दूध अर्धंच घेतलं. डॉक्टर म्हणाला, आता तिच्या कलाने घ्या. म्हणजे काय ते मला कळलं. ह्यांना पण कळलं.

९ ऑक्टोबर

बोटाला चिंधी बांधलीय. तरी लिहिते.

शहाणे परत आले. कोटाची बटणं कुठल्या बाजूला, ते नक्की सांगायला. बँकवाल्याचं एक खूळ आहे — मुकी मेलेली आहे. का, तर बटणं उलट्या बाजूला. मी म्हटलं, अरे बाबा, बायकांची बटणं त्याच बाजूला असतात, तुझ्या बायकोला विचार. तर म्हणाला, "काकू, तेच तर. या खेळातल्या बाकी सगळ्या बायांची पुरुषांसारखी आहेत. एकटीचीच अशी. समोर उभं राहून दुसऱ्याने लावावीत अशी. दुसऱ्याने कपडे कुणाला घालावे लागतात?" वर पाय अनवाणी. मेलेल्यांना चपला कशाला?

डॉक्टरीण चिडली. म्हणाली, "ती जिवंत आहे. ती कुणाची तरी वाट बघतेय. तू प्रत्येकाला मारतोस."

"मी नाही मारत, गोष्ट मारते."

भांडण मिटेना, तेव्हा डॉक्टरणीने फोनवर चालतं चित्र लावून माझ्यासमोर धरलं. तुम्हीच बघा म्हणाली.

बघितलं. करडा कोट घातलेली बाई उभी. तोंड नीट दिसत नाही, केस पुढे आलेले. लढाई सुरू व्हायच्या आधी तिने बाहीतून दोरा ओढला, डाव्या करंगळीला गुंडाळला, तीन वेढे, आणि अंगठ्याने हिसका देऊन तोडला.

टाचणी माझ्या बोटात गेली. कळलंच नाही मला. डॉक्टरीण म्हणाली, "काकू, रक्त."

असा दोरा जगात एकच माणूस तोडायचं. धाकटी.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. ऐन तारुण्यात गेली. मेली नाही, गेली. एका दुपारी गिऱ्हाइकाचा झगा पोचवायला म्हणून निघाली. झगा पोचला. गिऱ्हाईक म्हणालं, हसत हसत देऊन गेली. ती मात्र घरी आली नाही. चपला दारातच राहिल्या होत्या. अनवाणी गेली. का, ते आजवर कुणाला कळलं नाही.

तेव्हापासून आई दाराला कडी लावू देत नाही. ती आली आणि दार बंद दिसलं तर? माझं लग्न झालं, आईला मी या घरी आणलं, तरी तिचं तेच. जुन्या शेजाऱ्यांकडे पत्ता ठेवायला लावला आणि इथलीही कडी लावू देईना. मांजर येतं. कुत्रं येतं. एकदा चोर येऊन इस्त्री घेऊन गेला. हे म्हणाले, आता तरी? आई म्हणाली, इस्त्री नवीन मिळते.

१० ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं. कापड कापता कापता ऐकलं. म्हणाले, "दोरा सगळेच तोडतात."

"करंगळीला गुंडाळून? अंगठ्याने?"

"दात नसले की."

या माणसाशी बोलण्यापेक्षा इस्त्रीशी बोललेलं बरं. निदान ती तापते तरी.

१३ ऑक्टोबर

कोट कच्चा शिवून अंगावर बघायला डॉक्टरणीला बोलावलं होतं. बँकवाला शेपटासारखा मागे. मीच विषय काढला — त्या मुकीचं घरदार काय? दोघांचे चेहरे असे उजळले, जसं मी लग्नाला होकार दिला.

घरदार खेळात कुणी सांगत नाही म्हणे. ते हे लोक शोधतात. जगभरचे हजारो लोक एकमेकांना लिहितात, भांडतात, एकेक चित्र थांबवून बघतात. प्रत्येक पैलवानाची लढायची एक जागा असते. मुकीची जागा म्हणजे एक खोली. दाखवली मला. शिलाई मशीन, त्यावर कापड टाकलेलं. खिडकी. मागे दार, थोडंसं उघडं. दाराला कडी लोंबतेय आणि ती हलतेय. खिडकीचा पडदा हलत नाही. कापड हलत नाही. कडी तेवढी हलते.

डॉक्टरीण म्हणाली, "दार उघडं आहे म्हणजे कुणीतरी यायचंय."

बँकवाला म्हणाला, "कुणीतरी गेलंय. आणि घरच्यांनी शोधलं नाही."

"शोधलं!" मी ओरडले. हे आतून इस्त्री हातात घेऊन बाहेर आले. "विहिरी बघितल्या, दवाखाने बघितले, प्रेतं बघितली. शोधलं नाही म्हणून सांगतोस मला?"

मग सांगावंच लागलं सगळं.

बँकवाल्याने मान वर केली नाही. डॉक्टरीण कच्च्या कोटातच स्टुलावर बसली, शिवण उसवली. मग तिने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. हे पैलवान नुसते चितारत नाहीत. खरं माणूस घेतात. त्याला अंगाला घट्ट कपडे घालतात, सांध्यासांध्यावर गोट्या चिकटवतात, आणि ते माणूस हलतं तसं चित्र हलतं.

म्हणजे मुकीच्या आत कुणीतरी बाई आहे. खरी. चालती-फिरती.

डॉक्टरीण म्हणाली, "मी लिहिते त्यांना. उत्तर येईपर्यंत सोडत नाही." दाढ उपटतानाही अशीच म्हणाली होती. सोडली नव्हती.

१८ ऑक्टोबर

उत्तर नाही. काम आटोपलं की दवाखान्यात जाऊन बसते. खुर्चीत पेशंट आ करून पडलेला, आणि डॉक्टरीण त्याच्या दातात खुपसता खुपसता मला सांगते, आज कोण काय म्हणालं. एक म्हणतो, मुकीने शपथ घेतलीय. एक म्हणतो, तिची जीभ कापलीय. एकाने लिहिलंय, तिला मोठी बहीण असणार, कारण ती लढताना नेहमी डावीकडे थोडी जागा सोडते. कुणीतरी शेजारी उभं असल्यासारखी.

धाकटी माझ्या डावीकडे झोपायची.

त्यांच्यात माझं नाव टाचणीकाकू पडलंय. 'टाचणीकाकूंना विचारा' असं लिहितात म्हणे. पेशंट आ केलेल्या तोंडाने काहीतरी बोलला. डॉक्टरीण म्हणाली, "हा विचारतोय, लोहार मग कोण?" म्हटलं, शेजारी. असं खोचक शेजारीच विचारतात.

१९ ऑक्टोबर

काल रात्री कोट पुरा झाला. शेवटचं बटण लावलं आणि समोर टांगला. वारा नव्हता. बाही हलली असं वाटलं. उठून आत ठेवला. सकाळी डॉक्टरीण घेऊन गेली. करडा दोरा होता तेवढा सगळा त्याच्यातच गेला, रीळ रिकामं.

२५ ऑक्टोबर

आईला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. दाखवलं.

तिचं खाणं सुटत चाललंय. मनात आलं, आशेवर तरी चार घास खाईल. डॉक्टरणीचा फोन मागून आणला. आईला उशीला टेकवून बसवलं, चष्मा लावला, म्हटलं, आई, ही बघ कोण.

आईने बघितलं. मुकीने दोरा ओढला, गुंडाळला, तोडला. आई म्हणाली, "परत लाव." परत लावलं. मग म्हणाली, "ही धाकटी नाही."

"अगं, हात बघ ना!"

"हात तुझा आहे."

मला काही कळेना. आई म्हणाली, धाकटी दोरा दाताने तोडायची, त्यावरून किती ओरडायचे मी. करंगळीला तू गुंडाळतेस. तिन्हीत्रिकाळ. तुझी पाठ वळली की ती तुझी नक्कल करून आम्हाला हसवायची. एकदा तू वळलीस आणि बघितलंस, तर चिडून तिला मापाचा गज मारलास.

मी माझी करंगळी उजेडात धरली. बारीक खाच आहे. जन्मभर दोऱ्याने पडलेली. माझ्याच हाताला, आणि मला ठाऊक नाही. स्वतःचा हात कुणी बघतं का शिवताना? तो मी धाकटीला नक्कल करताना बघितला आणि तिचाच समजून बसले.

म्हणजे मुकीच्या आत जी कोण आहे, ती माझ्यासारखी हलते. माझ्यासमोर बसून मला बघितल्याशिवाय हे येणार नाही.

आईने फोन परत दिला. म्हणाली, "कडी लावली नाहीस ना?"

२ नोव्हेंबर

उत्तर आलं.

डॉक्टरीण दवाखाना बंद करून आली, भरदिवसा. बँकवाला दाराबाहेरच उभा. मी म्हटलं, आत ये, तुझ्यासाठी काय आरती ओवाळू? आला. भिंतीला टेकून उभा राहिला.

मुकीच्या आत एक तरुण मुलगी आहे. तिने स्वतः लिहिलंय. डॉक्टरणीने वाचून दाखवलं. तो हात तिने तिच्या आईचा घेतला. आई नाटकवाल्यांच्या कपड्यांच्या खोलीत शिवायचं काम करायची. फार बोलायची नाही. कुठून आली, कोण मागे आहे, कधी सांगितलं नाही. पोरीने एकदा विचारलं, दोरा असा का तोडतेस? तर म्हणाली, "हा माझ्या ताईचा हात आहे."

तीन वर्षांपूर्वी थंडीत आई वारली.

कोट पोरीनेच घातला तिला. शेवटचा. समोर उभी राहून एकेक बटण लावलं. म्हणून तिने चित्रं काढणाऱ्यांना सांगितलं, बटणं त्याच बाजूला ठेवा. पायात काही घालायला सुचलं नाही, म्हणून अनवाणी. खोली मात्र आईने सांगितलेली. गाव-नाव नाही, पण 'आमच्या घरी अशी खोली, असं दार' एवढं सांगायची.

बँकवाला म्हणाला, "काकू, मला बरोबर ठरायचं नव्हतं."

म्हटलं, माहीत आहे रे. बस. पाणी पी.

पोरीने शेवटी विचारलंय, आजी आहे का? येऊ का?

मी रडले नाही. एका बाईची चोळी द्यायची होती. ती दिली. मग मोरीत जाऊन नळ सोडला.

३ नोव्हेंबर

पोरीला ये म्हणून कळवलं. पण आईला काय सांगू? नात येतेय म्हणायचं तर लेक कुठे, हा पुढचा प्रश्न. हे म्हणतात, "सांगू नकोस, या आशेवर तर टिकलीय." मला खोटं बोलता येत नाही. तोंडावर दिसतं. दोनदा खाटेपाशी जाऊन उशी नीट करून परत आले.

५ नोव्हेंबर

अजून सांगितलं नाही. आईने दूध घेतलं नाही, पाणी घेतलं.

संध्याकाळी दिवे लावत होते, तर म्हणाली, "मघाशी कोण आलं होतं?"

"कुणी नाही. मी मशीनवर होते, हे पण इथेच."

"चपलांचा आवाज नाही आला, म्हणून विचारलं."

उद्या सांगायचंच. काही झालं तरी.

६ नोव्हेंबर

सांगावं लागलं नाही. सकाळी गेले तर आई उठून बसली होती, आपली आपण. दूध मागितलं, सगळं प्याली. म्हणाली, "कडी लाव आता. आली ती."

कप घ्यायला हात धरला, तर तिच्या करंगळीला करडा दोरा. तीन वेढे. टोक हिसक्याने तुटलेलं. रीळ तर तेव्हाच संपलं होतं. ह्यांना विचारलं, तुम्ही बांधलात? ह्यांनी नाही म्हणून मान हलवली.

कडी गंजलेली होती, हातोडीने ठोकावी लागली. लावली. आतून.