जाड कागद, पातळ कागद

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. वही लहान, खिशात मावणारी. कव्हर माझ्या साठ्यातल्या एका जुन्या शुभेच्छापत्राचं. जाड, दुधी, परदेशी कागद. छपाई आत, कोरी बाजू वर.
संकल्प तीन. कमी बोलणे. बीपी दिवसातून दोनदाच मोजणे. परदेशी वीज कंपनी आणि सरकार यांच्यातला तंटा मिटवणे.
तिसऱ्यासाठी ऊर्जा खात्याने मला निवृत्तीनंतर तीन वर्षांनी परत बोलावलंय. ही म्हणते, जुनी रजिस्टरं ओळखायला बोलावलंय, उगाच हवेत जाऊ नका. हिला खात्याची भाषा कळत नाही.
बीपी १५०/९०. मशीन जुनं आहे.

४ मार्च, मंगळवार.
वाद सोपा आहे, शिकलेल्यांनी अवघड केलाय. कंपनीने इथे वीजकेंद्र बांधलं. सरकारने वीस वर्षं ठरल्या दराने वीज घ्यायचा शब्द दिला. सरकार बदललं, नव्यांना दर महाग वाटला, वीज घेणं बंद. केंद्राला कुलूप. कंपनी परदेशातल्या लवादाकडे गेली. लवाद म्हणाला, आधी एकदा समोरासमोर बसून बघा. म्हणून आमच्या तिसऱ्या मजल्यावर बैठका.
घोडं एका पत्रावर अडलंय. कराराप्रमाणे कंपनीने भांडायला जाण्याआधी ‘बसून बोलू या’ असं पत्र द्यायचं. कंपनी म्हणते दिलं, ही कुरियरची पावती. सरकार म्हणतं, पाकिटात कॅलेंडर होतं.
आवक टेबलावर तेव्हा मी होतो. म्हणजे किल्ली माझ्याकडे. मला बैठकीच्या दाराबाहेर बाकावर बसवलंय. महत्त्वाचा माणूस हाताशी असावा म्हणून.

५ मार्च, बुधवार.
जावई त्याच वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होता. तीन वर्षं घरी. आता परदेशात नोकरी मिळाली आहे. ३१ तारखेची तिकिटं, तिघांची. मुलगी आणि नातसुद्धा. केंद्र सुरू होणार असं कळलं तर जाणार नाही म्हणाला.
मी म्हणालो, बॅगा काढूच नका, मी आहे ना.
ही आतून म्हणाली, तुम्ही आहात म्हणूनच काढतोय.
बीपी चारदा मोजलं. मशीनचं बटण नात दाबते. आकडे मोठ्याने वाचते, शेजाऱ्यांना ऐकू जातील असे. तिला नीट वाचता येत नाही, म्हणून १६५.

७ मार्च, शुक्रवार.
कंपनीचा मुख्य माणूस फार उंच. मी त्याला जिराफ म्हणतो, मनात. आज बैठकीतून बाहेर आला, खोकत होता. मी खुणेने गरम पाणी प्यायला सांगितलं. त्याने मान हलवली. कंपनी नरम पडते आहे.
दुभाष्याकडून कळलं की जिराफ दर कमी करायला तयार आहे. केंद्रही महिन्याभरात सुरू करतो म्हणाला. एकच मागणी. आम्ही मैत्रीचं पत्र धाडलं होतं एवढं कबूल करा. आमचे मालक खोटारडे ठरून परत येणार नाहीत.
इतक्या क्षुल्लक गोष्टीवर अडून बसलाय. शिकलेला वाटत नाही.

१० मार्च, सोमवार.
खात्याच्या ऑफिसरबाई, वयाने माझ्या मुलीएवढ्या, रजिस्टर घेऊन बसल्या. म्हणाल्या, काका, त्या डिसेंबरात परदेशी कंपन्यांकडून एकही पत्र नोंदलेलं नाही. असं कसं?
मी त्यांना माझी पद्धत समजावली. डिसेंबरात कंपन्यांची शंभर पाकिटं येतात. सगळी उघडून वाचत बसलो असतो तर जूनपर्यंत नोंदी चालल्या असत्या. आणि इंग्रजी वाचणार कोण? मी सातवी पास. म्हणून कागद चिमटीत धरून बघायचा. पातळ कागद म्हणजे काम, नोंदवायचं. जाड कागद म्हणजे शुभेच्छा, नोंदवायच्या नाहीत. चौतीस वर्षांत एकदा चूक नाही. हल्ली त्या टेबलावर चष्मेवाला बसतो, तोही माझाच चेला.
बाईंनी विचारलं, मग जाड कागदांचं काय होतं?
म्हणालो, योग्य ठिकाणी जातात.
कॅलेंडरं नातेवाइकांत. कार्डं हिच्या फडताळात, डब्यांखाली अंथरायला. बाकीचे मी जपून ठेवतो. पण हे सगळं सांगण्यात अर्थ नव्हता. संकल्प पहिला.
बाई डोकं धरून बसल्या. बारकावे झेपले नसावेत.

१२ मार्च, बुधवार. दुपारी ४.
ऐतिहासिक दिवस. सरकारी वकिलांनी माझं प्रतिज्ञापत्र केलं. सदर पत्र माझ्याकडे कधीही आले नाही, असं. वाचून दाखवलं, सही घेतली. सही झोकदार आली. वकील पाठ थोपटून म्हणाले, काका, तुम्ही खात्याची लाज राखलीत.
बाई म्हणाल्या, काका, घरी एकदा शोधून बघायचं होतं सही करण्याआधी. मी म्हणालो, न आलेली वस्तू शोधायची कुठे?
प्रतिज्ञापत्र आत गेलं. जिराफ दारातून बाहेर आला, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. चष्मा काढून पुसला. हरलेला माणूस. आता दोन दिवसांत सही करील.

१३ मार्च, गुरुवार.
बैठका मोडल्या. हा डावपेच आहे.

१५ मार्च, शनिवार.
सकाळी गोळी घेताना पाण्याचा पेला वहीवर सांडला. मुलगी म्हणाली, द्या बाबा, कव्हर काढून वाळवते. काढलं, उलटं केलं आणि उभीच राहिली.
म्हणाली, हे कुठून आणलंत?
शुभेच्छा आहेत त्या, म्हणालो.
तिने वाचून अर्थ सांगितला. माननीय महोदय, आपला वाद दोन्ही बाजूंना जड जाईल, आपण एकत्र बसून बोलू या, चहाला केव्हाही बोलवा. खाली जिराफाची सही. वर २२ डिसेंबर.
जावयाने हातात घेऊन दोनदा वाचलं. मला वाटलं ओरडेल. म्हणाला, कागद छान आहे. आणि बॅग माळ्यावरून खाली काढली.
माझं म्हणणं, चूक कंपनीची. तंट्याचं पत्र इतक्या चांगल्या कागदावर कोण लिहितं?
हिने बॅग पुसायला फडकं आणून दिलं.
बीपी मोजलं नाही.

१७ मार्च, सोमवार.
संकल्प. पत्र ऑफिसरबाईंना देणे. आजच.
गेलो. बाईंना आधी अंदाज घेण्यापुरतं विचारलं, समजा, एखाद्याला ते पत्र आता सापडलं तर? बाई खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, काका, जिराफ अजून हॉटेलात आहे, रविवारी सकाळचं विमान. आज मिळालं तर उद्या समेट होईल. कुणाकडे आहे?
(मी त्याला जिराफ म्हणतो हे त्यांना कसं कळलं? सगळा मजला तसंच म्हणतो म्हणे.)
म्हणालो, समजा म्हटलं.
प्रतिज्ञापत्र खोटं निघालं तर काय होतं, हे आधी विचारून घ्यायला हवं. पेन्शनचा प्रश्न आहे. घाईत काम बिघडतं. उद्या नक्की.

१८ मार्च. पाय दुखतो.

१९ मार्च. पाय बरा. लिफ्ट बंद.

२१ मार्च, शुक्रवार.
निघालो होतो. मुलीने दारात विचारलं, बाबा, पत्र घेतलंत ना? घेतलं म्हणालो. कोटाचा खिसा थोपटून दाखवला. ती माझ्या कोटाचं बटण लावून देत म्हणाली, मला जायचं नाहीये, बाबा.
बसमध्ये लक्षात आलं, कोट बदलला होता. दैवाचा संकेत. सोमवारी.

२३ मार्च, रविवार.
आज जिराफाचं विमान. धुकं असेल तर सुटणार नाही. सकाळी खिडकीतून बघितलं. लख्ख ऊन.

२४ मार्च, सोमवार.
बाकावरून मला मुक्त केलं. वकील म्हणाले, केंद्राची यंत्रं कंपनी सुटी करून नेणार, लवादात दहा वर्षं सहज जातील. खूश होते. बाई रजिस्टर उचलून आत गेल्या.

३१ मार्च, सोमवार. दुपार.
विमानतळावर जावई म्हणाला, तब्येत सांभाळा. राग दिसला नाही. दिसला असता तर बरं झालं असतं. मुलगी हिच्या गळ्यात पडली, माझ्याजवळ आली तेव्हा घोषणा झाली. नात जाताना ओरडली, आजोबा, बटण मीच दाबणार, दुसऱ्या कुणाला देऊ नका!
हिला रिक्षात बसवून मी थेट खात्यात गेलो. आता घाबरायचं कशासाठी? आवक टेबलावर पत्र ठेवलं. म्हणालो, नोंदव.
चष्मेवाल्याने उलगडलंसुद्धा नाही. चिमटीत धरलं, अंगठ्याने चोळलं आणि हसून परत दिलं. म्हणाला, काका, परीक्षा घेताय काय? जाड आहे. शुभेच्छा.
मी म्हणालो, अरे, वाच तरी. तो म्हणाला, तुमच्या हाताखाली शिकलोय, वाचावं लागत नाही. मागे रांग होती. लोक म्हणाले, आजोबा, व्हा बाजूला.
बाजूला झालो.
घरी आलो. ही भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मशीन काढलं, पट्टा बांधला, बटण दाबलं नाही.
वहीला कव्हर परत घातलं. कोरी बाजू वर.