शहाजीशेठच्या गोदामातला पत्रा

कळंबोलीच्या शहाजीशेठला वकिलाची नोटीस धाडायची अक्कल तुला कोणी दिली? तो माणूस काल मोसंबी घेऊन दवाखान्यात आला. हात जोडून तुझ्या बापाला विचारत होता, "धनेश, माझ्या कुठल्या पत्र्यानं कापलं रे तुला? दाखव तरी, मी तो भंगारात घालतो." तुझ्या बापानं चादर तोंडावर ओढली. लाज मला वाटली. आधी हे पदरात घे, मग बाकीचं.

प्रिय उन्नती,

आशीर्वाद. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागलं नाही तर पुन्हा वाच. गोव्यात बसून एवढे इंग्रजी कागद वाचतेस, हाही वाचशील. फोन करणार होते. पण फोनवर तू रडतेस, मग तुझी आई रडते आणि माझं बोलणं तिथंच लोंबकळतं. कागदाला रडता येत नाही, हे बरं.

तुझ्या आईनं, नमितानं, तुला सांगितलं की गोदामात गंजका पत्रा लागला, विष चढलं आणि पाय गुडघ्याखालून काढला. तिला जे सांगितलं तेच तिनं पुढे ढकललं. त्या दिवशी धनेश नेहमीसारखा पहाटेच्या ओहोटीला खाडीच्या खडकाला चिकटलेली कालवं काढायला गेला. तिथून परस्पर शेठच्या गोदामात कामावर. संध्याकाळी लंगडत आला आणि म्हणाला, "आये, पत्रा लागला, काय नाय." गल्लीतल्या डॉक्टरलाही तेच सांगितलं. त्यानं धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं, चार गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. सकाळी उठून बघते तर पाय दुधी भोपळ्यासारखा फुगलेला, वर जांभळे फोड, फोडांत काळं पाणी. मी मढी पाहिली आहेत, पण जित्या माणसाचा असा पाय पाहिला नव्हता.

मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तुझ्याच वयाचा आहे, पण मराठीत बोलतो. पायातला पू तपासून आल्यावर त्यानं मला बाकड्यावर बसवलं आणि म्हणाला, "आजी, हा जंतू गोदामात राहत नाही. खाऱ्या पाण्यात राहतो, पाणी तापलं की वाढतो, कालवांवर, चिंबोऱ्यांवर बसलेला असतो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. पण ज्याचं लिव्हर कमजोर, त्याला खरचटलं तरी पुरतं. हे खाडीत गेले होते का?" मी म्हटलं, रोज जातो. तो धनेशला विचारायला गेला. धनेश म्हणाला, "खाडीत नाय लागलं, पत्राच लागला." पाय कापून झाल्यावरसुद्धा पत्राच! डॉक्टरनं हात टेकले. म्हणाला, पहिल्या दिवशी खाडी म्हणाले असते तर औषध वेगळं दिलं असतं, पाय कदाचित राहिला असता. तो 'कदाचित' माझ्या घशात मासळीच्या काट्यासारखा बसलाय.

तुझ्या बापाला कावीळ झाली तेव्हा तू घरीच होतीस. लिव्हर कसं झालंय ते तूच आम्हाला चित्र काढून समजावलं होतंस.

आता मला ते तुझ्या बाटल्यांचं आठवतं. गेल्या उन्हाळ्यात तू खाडीचं पाणी त्यांत भरायला आलीस. तुझ्या बापानं कामावर दांडी मारली, होडी धुतली, तुला बसायला घरातली उशी नेली. जेट्टीवर भेटेल त्याला सांगत सुटला, माझी पोर खाडीचं पाणी तपासते. मीही आले होते, तोंड वाकडं करून. तू म्हणालीस, "आजी, पाण्यात असे जंतू आहेत की मेलेल्या चिंबोऱ्यांची कवचं खाऊन टाकतात. ते नसते तर खाडी कवचांनीच भरून गेली असती." मी म्हटलं, म्हणजे खाडीचे झाडूवाले. तू हसलीस. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढे तू जपानला जाऊन त्याच जंतूंवर भाषण केलंस. तुझा फोटो तुझ्या बापानं फ्रेम करून लावलाय, देवांच्या शेजारी.

परवा नमिताला चहाला पाठवलं आणि मी दार लावून बसले. म्हटलं, मी तुला जन्म दिलाय, मला पत्रा सांगू नकोस. तेव्हा तो बोलला. खडकावर कालवाच्या धारदार शिंपल्यानंच कापलं. आपण सगळे करतो तसंच त्यानं केलं, ओंजळीनं खाडीचंच पाणी घातलं, खाऱ्या पाण्यानं जखम सुकते म्हणून. मग लपवलं कशाला? तर म्हणाला, "उन्नतीला शबूद दिलाय." तू त्याला सांगितलंस की त्याच झाडूवाल्यांत एक वाईट जंतू सापडलाय, पण माझा शोधाचा कागद छापून येईपर्यंत कुणाला बोलू नका. गावाची मासळी कोणी घेणार नाही, आणि मोठ्या साहेबाच्या आधी बातमी फुटली तर माझं काम जाईल. खरं आहे ना? काय लपवायचं ते सांगितलंस पोरी, काय टाळायचं ते सांगितलं नाहीस. कावीळ झालेल्या बापाला खाडीत पाय घालू नका, एवढं मराठीत बोलायला कुठला साहेब आडवा आला होता?

आणि हा माणूस अजून शब्द पाळतोय. पाय गेला, तोंड बंद. मी कालवं काढणाऱ्या बायकांना हे सांगायला गेले, तर रंगूबाई तोंडावर हसली. म्हणे, धनेश सोता बोलतो पत्रा लागला, म्हातारे तुला काय ठाऊक? तिला साखर आहे, टाचांना भेगा आहेत, आणि पौर्णिमेच्या ओहोटीला ती सगळ्यांना घेऊन खडकावर उतरणार आहे. नमिताही टोपली शोधतेय. माझं कोणी ऐकणार नाही. त्याचं ऐकतील. पण तू शब्दातून मोकळा केल्याशिवाय तो बोलायचा नाही. म्हणून हा कागद.

तुझीच,
आजी यशोदा

उत्तर मला नको, तुझ्या आईला नको, साहेबाला विचारूनही नको. तुझ्या बापाला तुझ्या हातानं लिही की बाबा, बोला. पौर्णिमेच्या आत.