माझे गुडघे आणि मोठ्या बाबांचा फेटा

जठारपेठ, अकोला
शुक्रवार (तारीख कॅलेंडरवर आहे, कॅलेंडर हारांच्या मागे आहे)

तीर्थस्वरूप मोठे बाबा यांच्या पायांवर डोकं ठेवून पुतण्या जीवनचा साष्टांग नमस्कार. तो चार महिने उशिरा पोचतो आहे, पण पोचतो आहे. मोठ्या आईलाही नमस्कार. तुमचा बीपी आणि परतवाड्याची हवा, दोन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, आणि ‘सगळे’ म्हणताना आता मलाही त्यात धरतात, ही या पत्रातली मुख्य बातमी.

पत्र लिहावं लागलं, कारण तुम्ही फोन घेत नाही. म्हणजे घेता, पण माझा आवाज आला की मोठ्या आईच्या हातात देता. मी दवाखान्यात होतो तेव्हा दर सोमवारी तुमच्या गावच्या कुलदीपच्या जीपमधून संत्र्यांची पिशवी आली, तुम्ही मात्र एकदाही आला नाहीत. मला वाटलं, रागावलात. परवा मोठ्या आईने साधनाजवळ (माझ्या बायकोच्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असूनही) खरं काय ते सांगितलं. शेखरच्या साक्षगंधात तुम्ही माझी मान दाबली, त्यामुळेच मला मेंदूज्वर झाला असं तुम्ही मनात घेतलंय, आणि म्हणून पुढच्या महिन्यात त्याच्या लग्नालाही येणार नाही म्हणता. मोठे बाबा, तीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर असलेल्या माणसाने गाडी अशी चुकीच्या फलाटावर लावावी? आता त्या दिवशी काय झालं ते क्रमाने ऐका. (आठवतं तेवढं माझं, बाकीचं मायाचं. माया कोण, ते पुढे येईल.)

साक्षगंध अमरावतीला, आणि हॉलला फुलं माझ्याच दुकानातली, म्हणून मी आदल्या दिवशीच तिथे गेलो. अंगात ताप होता आणि डोकं तर कुणीतरी आतून ठोकत असल्यासारखं दुखत होतं. कारणं सांगणारे ढीगभर भेटले. आई म्हणाली जागरण, इंदूबाई आत्या म्हणाली नजर लागली, आणि शेखर म्हणाला, धाकट्या भावाचं कौतुक याला सहन होत नाही. मी एक गोळी घेतली आणि झेंडूच्या माळा लावत बसलो. दुसऱ्या दिवशी उजेड डोळ्यांत टोचायला लागला म्हणून शेखरचा काळा चष्मा लावला, थंडी भरली म्हणून स्वेटर आणि कानटोपी घातली, आणि या अवतारात मुलीकडच्या मंडळींसमोर गादीवर आडवा झालो. (व्हिडिओत मी आहे. नवरदेवापेक्षा जास्त आहे.) तेवढ्यात गुलाबी फेटा बांधून तुम्ही आलात. सगळे पुतणे ओळीने पाया पडले. मी चष्मासुद्धा काढला नाही. तुम्ही विचारलंत, “काहून रे जीवन, पिऊन आला का?” त्यावर मी काय बोललो ते माया अजून सांगत नाही, तेव्हा तुम्हीच समजून घ्या आणि विसरून जा.

मग तुम्ही माझ्यावर आडवे वाकलात, डोक्याखाली हात घातलात आणि “ऊठ, पाया पड” म्हणत मान पुढे उचलली. मान येईना. तुम्ही जोर केलात. मान बोटभर आली आणि त्याच क्षणी माझे दोन्ही गुडघे आपोआप वर उचलले गेले, ते थेट तुमच्या हनुवटीला लागले. फेटा सुटून मुलीच्या वडिलांच्या मांडीवर जाऊन बसला. पुतण्याने भर समारंभात मोठ्या बाबांना लाथ मारली, म्हणून हॉलमध्ये एकच गलका झाला. तुम्ही मात्र टक्कल झाकत होतात. (माफ करा, तेही व्हिडिओत आहे.)

मुलीची आत्या गोदाबाई, तिची मुलगी माया अमरावतीतच एका दवाखान्यात नर्स आहे. तिने हातातलं पोह्यांचं ताट खाली ठेवलं, माझ्याजवळ बसली आणि हलक्या हाताने मान पुन्हा उचलून पाहिली. गुडघे पुन्हा वर. ती ओरडली, “यानं लाथ नाही मारली आबा! मेंदूच्या आवरणाले सूज आली की असं होते. गाडी काढा, आत्ताच काढा!” आणि आमच्या गाडीपुढे लागलेल्या नऊ मोटारी मागे घ्यायला लावणारा, अर्ध्या अमरावतीला ऐकू जाईल असा आवाज तुमचा होता. फेट्याशिवाय, उघड्या डोक्याने. हे मला सगळ्यांनी सांगितलं, तुमच्याशिवाय.

पुढे चार दिवस मी बेशुद्ध होतो. मणक्यातून पाणी काढलं (आता हा कामातून गेला, असं देवराव पानवाल्याने जाहीर केलं), सलाईनवर सलाईन लावलं. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टरांनी डोकं तपासायला तारीख विचारली. मी विचारलं, किती दिवस झोपलो? चार म्हणताच सांगितलं, मग आज संकष्टी, जास्वंद महाग, आणि माझं दुकान बंद! डॉक्टरांनी सिस्टरला कॅलेंडर बघायला पाठवलं. बरोबर निघालं. माझा मेंदू शाबूत असल्याचं साऱ्या वॉर्डाला कळलं आणि साधना तिथेच खाली बसून रडली. डॉक्टर तिला म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर हा माणूस हाती लागला नसता. मोठे बाबा, तुम्ही माझी मान धरली नसती, तर मी काळा चष्मा लावून तिथेच मेलो असतो, आणि झोपलाय समजून पाहुण्यांनी माझ्या अंगावर आपापले स्वेटर ठेवले असते. तुमच्यामुळे दुखणं झालं नाही. तुमच्यामुळे सापडलं. सोमवारी मी फुलांच्या हर्रासात बोली लावून शेवंतीचे चार कट्टे घेतले आणि स्वतः उचलले, ते तुमच्या जिवावर.

तुमच्या हाताने वाचलेला,
जीवन

ता. क. डावा कान मात्र गेला. त्या बाजूला साधना बसते आणि तिला वाटतं मी फार समजूतदार झालो. हे पत्र मोठ्या आईला वाचायला देऊ नका.

ता. क. दुसरा. वर साष्टांग नमस्कार लिहिला खरा, पण तोल अजून जातो, म्हणून डॉक्टरांनी खाली वाकायला मनाई केली आहे. लग्नातही मी तुमच्या पाया पडणार नाही. तेव्हा तुम्हीच या आणि तोच हात त्याच डोक्यावर ठेवा. त्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत, असं शेखरला सांगून ठेवलंय. हवी तर मान दाबून बघा. आता ती वाकते, आणि गुडघे जागेवर राहतात.

ता. क. तिसरा. तरी फेट्याला दोन पिना लावून या.