मधल्या वर्तुळातला नारळ

२२ ऑगस्ट
४१-१९. हरलो. क्रीडाशिक्षक गावंडे सर म्हणाले, "सरावाचा सामना होता मॅडम, मनाले लावून घेऊ नका." अकरा वर्षं हेच ऐकतेय. कॉलेजच्या वाचनालयातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी पाच वाजले की पाय बास्केटबॉल कोर्टाकडे वळतात. घर मागच्याच गल्लीत. चेंडूचा आवाज ओट्यापर्यंत येतो.
मुली वाईट नाहीत, त्यांना शिकवणारं कुणी नाही. गा. सर खुर्चीत बसून मोबाइल बघतात आणि मधेच ओरडतात, "पास देऊन राह्यली का नाही?" कुणाला म्हणाले, ते त्यांनाही माहीत नसावं.
एकटी प्रज्ञा खेळते. रोहिणखेडची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. एकोणीसपैकी तेरा गुण तिचे. चेंडू आपल्या टोकाकडून समोरच्या बास्केटपर्यंत न्यायचा तर तीच. सामना संपला तशी दप्तर घेऊन बसस्टँडकडे धावली. जाता जाता मला म्हणते, "काकू, तोंड पाडू नका. पुढच्या वेळी वीसने हरू, कमी करत आणू."
मेली.

२७ ऑगस्ट
शिपाई वसंता दारात. "मॅडम, उद्याचा नारळ."
मोसमाच्या पहिल्या सामन्याचा नारळ माझ्याकडचा. अकरा वर्षांपूर्वी कुणीच आणला नव्हता, मी घरातला दिला आणि त्या दिवशी जिंकलो. तेवढ्यावर प्रथा पडली.
हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अकरा नारळ फुटले, जिंकले एकदा. नारळवाला तरी बदल, नाहीतर टीम." राग आला. मग हसू आलं.
चांगला शेंडीचा निवडला. कानाशी हलवून पाहिला. पाणी भरपूर.

२८ ऑगस्ट
संताप संताप. अक्षर नीट येत नाही.
प्रमुख पाहुणे नऊला यायचे, ते साडेदहाला आले. तोवर सामना सुरू केला होता आणि आपण पुढे होतो. १४-९! गाडी दिसली तशी शिट्टी वाजली. चालू सामना थांबवला. नारळ दरवर्षी खांबाजवळच्या दगडावर फुटतो, रेषेच्या बाहेर. यंदा फोटोत मागचा फ्लेक्स यावा म्हणून कोर्टाच्या बरोब्बर मधल्या वर्तुळात. वीट आणून ठेवली. फोडला. पाणी सगळं ऑइलपेंटवर. पंचसुद्धा फोटोत हसत उभे. मग शाल, मग भाषण. खेळाचे महत्त्व! मुली घामाने थंड पडून उभ्या. खोबरं वाटलं, वसंताने वीट उचलली. गा. सरांनी बुटाने दोनदा घासल्यासारखं केलं, झालं.
पुन्हा सुरू. तिसऱ्या मिनिटाला प्रज्ञा चेंडू घेऊन मधून निघाली आणि तिथंच पाय गेला. पायरीवर मला आवाज ऐकू आला. पडल्या पडल्या ती "चेंडू घे, चेंडू!" असं ओरडत होती.
२२-३१. हरलो.
आणि नारळ माझा.

२९ ऑगस्ट
हाड मोडलेलं नाही. घोट्याचा लिगामेंट. तीन आठवडे पाय टेकायचा नाही.
चहा करताना सिस्टर बेनेडिक्टा आठवल्या. अमरावतीचं कॉन्व्हेंट, मी आठवीत. केरळच्या सिस्टर, मराठी शिकल्या त्या स्वयंपाकघरातल्या बाईकडून, त्यामुळे इंग्रजी मडमेसारखं आणि मराठी थेट वऱ्हाडी. पांढरा झगा पट्ट्यात खोचून लेअप, म्हणजे धावत जाऊन चेंडू बास्केटमध्ये टाकायचा कसा, ते दाखवायच्या. कोर्टावर पाऊल टाकायच्या आधी आम्हा बाराजणींना रांगेत गुडघ्यांवर बसवून फरशी पुसायला लावायच्या. "फरशी बी टीममधी हाय. तिले पुसल्याबिगर खेळाचं नाही." आम्ही खुसखुसायचो. मग एकीच्या फडक्याला खडा लागायचा आणि हसू बंद.
म्हणजे मला माहीत होतं.
पायरीवरून मला तो ओला रंग चमकताना दिसला होता. किती पावलं होती? पस्तीस. खांद्यावर पदर होता. मी उठले नाही. म्हटलं, कुणीतरी पुसेल.
गा. सरांवर, पाहुण्यांवर, पंचांवर राग आहेच. पण त्या "कुणीतरी"वर सगळ्यात जास्त.

४ सप्टेंबर
वसंताने सांगितलं. कॉलेजने अपघाताचा अहवाल केला, एक प्रत प्रज्ञाच्या घरी गेली. "खेळाडूचे बूट अयोग्य असल्याने व तिच्या निष्काळजीपणामुळे." नारळाचं नाव नाही. पाण्याचं नाही. सही गा. सरांची.
निष्काळजी! ती?
प्रज्ञाला फोन केला. म्हणाली, "काकू, बाबांनी वाचलं. आता नाही येणार मी."
"पाय बरा झाल्यावर?"
"पायाचं नाही काकू."

७ सप्टेंबर
रोहिणखेडला गेले. हे म्हणाले, "तू काऊन जातं? तुले कोनं बोलावलं?" कुणी नाही. मोताळ्याच्या पुढे एस.टी.त बसायला जागा मिळाली.
दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली प्रज्ञाची शाळेतली पदकं खिळ्याला. ती खाटेवर, पाय उशीवर. आई चहा ठेवायला गेली. बाबा गवंडी आहेत, हाताला सिमेंट तसंच. आधी बसाही म्हणाले नाहीत.
मग म्हणाले, "मॅडम, मी फरशा टाकतो. ओली फरशी अन् कोरडी फरशी मले समजते. पोरीचे बूट मी पाह्यले, तळ शाबूत हाये. मंग निष्काळजी कोन?"
मी सांगितलं. नारळ माझा होता. पाणी मी पाहिलं होतं. उठले नाही.
प्रज्ञा मधेच म्हणाली, "बाबा, काकूंले नका बोलू."
"मी कोठी बोललो? त्यायनं मान्य तं केलं." चहाची बशी माझ्यापुढे सरकवली. "पोरगी खेळन. मले तिचा खेळ आवडते. पन तो शब्द कागदावरून गेला पायजे. उद्या नोकरीले गेली, तिथं हाच कागद निघाला तं?"
येताना पिशवीत वांगी घातली. नको म्हटलं तर आई रागावली.

९ सप्टेंबर
तुळशीरामजी (प्रज्ञाचे बाबा) इथं बुलढाण्यात कामाला आले होते, सकाळी कोर्टावर आले. मधल्या वर्तुळापाशी उकिडवे बसले. रंगावर तळहात फिरवला. "याच्यावर पानी पडलं का शेवाळावानी व्हते. नारळाचं तं चिकट बी." वर्तुळात एक भेग आहे, त्यात नख घालून करवंटीची कपची काढली. नखाएवढी. माझ्या हातावर ठेवली.
"हे बूट हाये का, मॅडम?"
कपची माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवली आहे.

१२ सप्टेंबर
प्राचार्यांना पत्र दिलं. दीड पान, स्वच्छ अक्षरात. माझी चूकही लिहिली. डबी उघडून कपची टेबलावर ठेवली.
त्यांनी पत्र वाचलं, कपची बघितली, घंटी वाजवून वसंताला म्हणाले, "टेबल पुसून घे."
टेबल! टेबल पुसतात!
म्हणे, "मॅडम, तुम्ही आपल्याच आहात. पाहुण्यांचा विषय कशाला काढता?" कपची मी उचलून परत आणली.

१९ सप्टेंबर
५२-११. परगावी. मी गेले नाही, वसंताने सांगितलं. चेंडू कुणी अर्ध्या कोर्टाच्या पुढे नेऊच शकलं नाही. सगळ्या एकमेकींना देत राहिल्या, जणू गरम तवा.
सिस्टर म्हणायच्या, "बॉल तुही बहीण नाही, कवटाळून बसू नको." आणि तो टाकायचा कुणाकडे, हे सांगणारी खाटेवर बसली आहे.
वसंता आणखी एक सांगून गेला. पहिला नारळ लाभला नाही म्हणून सरांना आता दर सामन्याला नारळ हवा; माझ्याकडे मागायची लाज वाटली, म्हणून तिथल्याच दुकानातून घेतला. कुजका निघाला. गा. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "मॅडमचा नारळ नाही, म्हनून झालं," असं गाडीत सगळ्यांना सांगत होते.
हे इतके हसले की चष्मा पडला. मला हसू आलं नाही.

२६ सप्टेंबर
प्रज्ञाचा फोन. पट्टी निघाली. घरामागे भिंतीवर चेंडू मारते, बाबांनी चुन्याने रेघ काढून दिली आहे. "जमून राह्यलं काकू. पण बाबा..."
संध्याकाळी वसंता. मान खाली. "मॅडम, परवा आपल्याकडे सामना. हरलो तं बाहेर. सर म्हणते, मागचं मनात ठेवू नका. नारळ..."
म्हटलं, "देईन. पण सरांना सांग, मी स्वतः घेऊन येते. तुझ्या हातात नाही."

२८ सप्टेंबर, कोर्टाच्या पायरीवर
वही पिशवीतून आणली. हातात काहीतरी असावं म्हणून लिहितेय. नारळ मांडीवर.
साडेआठलाच आले. घरून दोन जुने पंचे आणले होते. गुडघ्यांवर बसून मधलं वर्तुळ पुसलं, मग दोन्ही बास्केटखालची जागा. मुली आधी बघत राहिल्या. मग एक आली, मग चौघी. "काकू, तुम्ही उठा." नाही उठले. उठायला नंतर दोघींचा हात घ्यावा लागला. गुडघे ठणकताहेत.
सव्वानऊला फाटकाशी मोटरसायकल थांबली. तुळशीरामजी आणि मागे प्रज्ञा, पायात बूट. आत आली नाही. मला हात केला. मीच काल फोन केला होता, या म्हणून. वचन काहीच दिलं नव्हतं.
पाहुणे आज वेळेवर! दुसरे आहेत. फ्लेक्सही दुसरा. गा. सर धावत आले. "मॅडम, द्या नारळ."
"आधी कागद."
"आता? सामन्याच्या टायमाले?"
"आता."
सर माझ्या शेजारी पायरीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हळूच म्हणाले, "माझी नोकरी कंत्राटी हाये, मॅडम. पाहुण्यांचं नाव कसं लेहू मी?" घाम आला होता बिचाऱ्याला. बिचाऱ्याला! राग होता तो कुठे गेला, शोधावा लागला.
म्हटलं, "पाहुण्यांचं नका लिहू. माझं लिहा. मी दिलेल्या नारळाचं पाणी कोर्टावर सांडलं, ते पुसलं गेलं नाही, खेळाडूचा काही दोष नाही. खाली मी सही करते."
माझ्याकडे बघत राहिले. मग फाटकाकडे. मग नारळाकडे, सगळ्यात जास्त वेळ नारळाकडे.
"प्राचार्यांले विचारतो," म्हणून आत गेले.
नऊ बावन्न. दहाला सुरुवातीच्या पाच खेळाडूंची यादी पंचांकडे जाते. चार नावं लिहून झाली आहेत, पाचव्या ओळीवर वसंता पेन धरून उभा. पाहुणे दोनदा घड्याळ बघून झाले. कुणीतरी म्हणालं, "त्या बाईकडून नारळ घ्या बरं." मी शेंडी धरून ठेवली.
तुळशीरामजी गाडीवरून उतरलेले नाहीत. प्रज्ञा उतरली आहे, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, घोटा जोखतेय.
ऑफिसचं दार उघडलं. सर आहेत. हातात काहीतरी आहे, इथून चष्म्यातूनही नीट दिसत नाही, कागद की नुसता रुमाल. वही मिटते, कागद वाचल्याशिवाय शेंडी सोडणार नाही.